पेटी, सतरंजी आणि दोन रकाने

सकाळी ६.०० : जालना

शाळेतल्या कार्यशाळेसाठी न्यायची पेटी रात्रीच भरलेली असते, तरी निघण्याआधी यादी हातात घेऊन एकदा तपासतेच. पितळी मापटं, जात्याचा खुंटा, सूत काढायची तकली, बैलाची घागरमाळ, निजामाच्या राज्यातली चार नाणी, सातवाहन नाण्याची मोठी करून घडवलेली मातीची प्रतिकृती, भिंगं, मोजपट्ट्या, मऊ सुती फडकी आणि पेन्सिली. पेन एकही नाही. शाईचा डाग वस्तूवर पडला की निघत नाही, म्हणून वस्तुसंग्रहालयांत मोठमोठ्या अभ्यासकांनाही पेन्सिलच वापरायला सांगतात. तोच नियम पाचवीच्या मुलांना लावला की ती जरा ताठ बसतात.

उत्खननातली वस्तू पेटीत नसते. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर पावसानंतर खापरं, मणी वर येतात. लोक आणून देतात, मी घेत नाही. वस्तू जिथे सापडली ती जागा सुटली की तिची अर्धी माहिती तिथेच राहते. शिवाय कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर ते कलेक्टरला कळवायचं, असं १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. मुलांना यातली दहा रुपयांची गोष्ट फार आवडते.

सकाळी ७.१५ : राजूर रस्ता

शाळा भोकरदन तालुक्यात आहे, जिल्हा परिषदेची. राजूरपर्यंत दोन्ही बाजूंनी तूर आणि वेचणीला आलेला कापूस. हे दिवस सहलींचे, आणि घरचा कापूस वेचण्याचेही. म्हणून मी हजेरीचा आकडा आधी विचारत नाही. येतील तेवढी मुलं आपली.

वाटेत शाळेतल्या सरांचा फोन येतो. एसटीची गाडी ठरली आहे ना, एवढंच मला ऐकायचं असतं. प्रासंगिक करारावर गाडी घेतली की शाळेच्या सहलीला भाड्यात निम्मी सवलत मिळते, त्यामुळे सहलीचा सगळा हिशोब त्या एका कागदावर बसतो. गाडी एकदा पक्की झाली की किती ठिकाणं बघायची, यावर ओढाताण सुरू होते. आपल्याकडची नेहमीची सहल म्हणजे पहाटे निघून दौलताबाद, वेरूळ, बीबी का मकबरा, पाणचक्की आणि अंधार पडता पडता परत. पैसे भरलेत तर सगळं दाखवा, हे पालकांचं म्हणणं चुकीचं नाही. पण संध्याकाळी त्या मुलांना काय पाहिलं विचारलं, तर आइसक्रीम आणि गाडी लागलेला मित्र एवढंच बाहेर येतं. आज आम्ही दोनच ठिकाणी जाणार आहोत, तीही त्यांच्याच तालुक्यातली.

सकाळी ९.१५ : शाळा

मुलं यायच्या आत शिक्षकांबरोबर अर्धा तास बसते. कार्यशाळा चालणार की पडणार, हे बहुतेक या अर्ध्या तासातच ठरतं. दहा मुलांमागे एक मोठं माणूस. गटांना नावं पिकांची: कापूस, मोसंबी, मका, सोयाबीन. पालकांची संमतीपत्रं एका फाइलमध्ये, प्रथमोपचाराची डबी दुसऱ्या बाईंकडे. मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे आहे, हे वेळापत्रक करतानाच विचारायचं, कारण उत्तर बहुतेक वेळा "तिथे नाही" असं येतं आणि मग थांबा मधे घ्यावा लागतो.

शिक्षकांकडे माझी विनंती एकच असते: मूल चुकलं तर लगेच दुरुस्त करू नका. सरांना हे जड जातं. वर्गात चूक ऐकून गप्प बसणं त्यांच्या हातात नाही, आणि मुख्याध्यापक दारात उभे असले तर मुळीच नाही. म्हणून मी त्यांना काम देते. प्रत्येक शिक्षकाने आपल्या गटात फक्त "कशावरून?" एवढंच विचारायचं, दुसरं काही नाही.

मुख्याध्यापक विचारतात, "मॅडम, त्या मुंबईच्या संग्रहालयाची बस आपल्याकडे आणता येईल का?" मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये एका बसमध्येच दालन बसवलं आणि ते शाळांच्या दारात नेऊन उभं करायला सुरुवात केली. बस आली तर उत्तमच. पण ती आज येईल आणि उद्या जाईल. आज मला या शाळेत जी सवय लावायची आहे तिला बस लागत नाही, आणि खरं तर पेटीही लागत नाही.

सकाळी १०.३० : सतरंजी

परिपाठ झाला की व्हरांड्यात दोन सतरंज्या अंथरतो. वस्तू हाताळण्याचे नियम तीन. बसूनच धरायची, दोन्ही हातांनी, आणि सतरंजीच्या आत, म्हणजे सुटली तरी बोटभर उंचीवरून पडेल. प्रत्येकाच्या हातात एक कागद. मधे उभी रेघ, डावीकडे "दिसलं", उजवीकडे "वाटलं".

पहिलं मापटं. "हे काय आहे?" असं मी विचारत नाही. नाव कळलं की मुलं बघायची थांबतात. "काय दिसतं?" असं विचारते. पिवळं आहे. गोल आहे. काठ एका बाजूला चेपलाय. पोटावर ठसा आहे. बूड घासून गुळगुळीत झालंय. वजनाला जड आहे. आतून काळपट आहे. इथवर सगळं डावीकडे. मग मागून एक जण म्हणतो, "मॅडम, दूध मोजायचं असंल."

कशावरून?

तो आतला काळपट भाग दाखवतो. समोरची मुलगी म्हणते, दूध असतं तर काठाला ओघळायला चोच असती, हे तर सपाट आहे. तिच्या आजीकडे असंच आहे, त्यात ज्वारी मोजतात. सर पुढे सरकतात. मी डोळ्यांनी थांबवते. दोन्ही उत्तरं उजव्या रकान्यात जातात, आपापल्या कारणासह. आजीकडचं मापटं हा पुरावा तगडा आहे, पण तो या मापट्याचा नव्हे, दुसऱ्या मापट्याचा, तेही लिहायचं. हा मुद्दा मुलीला पटत नाही. आजी खोटं कशाला बोलेल, असा तिचा सवाल. तसं कोणीच म्हणत नाही, एवढंच मी सांगते आणि पुढे जाते.

तकलीवर फार वेळ घालवावा लागत नाही, भोवरा म्हणून सगळे एकमताने निकाल देतात. कापसाचा पेळू लावून एक सूत ओढून दाखवलं की भोवरा उजव्या रकान्यातून आपोआप खोडला जातो. ज्यांच्या घरी आज कापूस वेचायला माणसं गेली आहेत, त्या मुलांनी कापसाचं सूत होताना पहिल्यांदाच पाहिलेलं असतं.

सकाळी ११.३० : चारमिनार

नाणी चार, गट चार, भिंगं आठ. एका बाजूला चार मनोरे आणि मधे कमान. "हैदराबाद!" हे दोन मिनिटांत येतं, कारण क्रिकेट आणि बिर्याणी. दुसऱ्या बाजूची अक्षरं मात्र अडतात. अशा वेळी जवळजवळ प्रत्येक शाळेत एखादं मूल निघतं, ज्याला घरी किंवा मदरशात उर्दू-अरबी अंक शिकवलेले असतात. आज मोसंबी गटातली एक मुलगी आहे. ती बोटाने आकडा वाचते, तेराशेच्या पुढचा, आणि वर्गात गडबड उडते. तेराशे साल! म्हणजे शिवाजी महाराजांच्या तीनशे वर्षं आधीचं नाणं!

यासाठी मी ही नाणी आणते. आकडा दिसला, तो खरा आहे. साल कोणतं, हे वाटलं. हे हिजरी वर्ष. मोजणी इसवी ६२२ पासून आणि चंद्राच्या महिन्यांनी, म्हणून वर्ष आपल्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. फळ्यावर हिशोब मांडला की नाणं शंभरेक वर्षांपूर्वी येऊन थांबतं, मीर उस्मान अली खान यांच्या काळात. हा हाली सिक्का. जालन्याच्या बाजारात तोच चालायचा, कारण आपण हैदराबाद संस्थानात होतो. १७ सप्टेंबरला शाळेत झेंडावंदन का होतं, हे मुलांना पाठ आहे: १९४८ साली मराठवाडा मुक्त झाला. त्या दिवसाच्या आधी दुकानदाराच्या गल्ल्यात काय वाजत होतं, ते आता त्यांच्या तळहातावर आहे. आकडा वाचणाऱ्या मुलीला नंतर सगळे गट आपापलं नाणं दाखवायला बोलावतात. ती आज दुपारी जेवायला उशिरा पोचणार.

दुपारी १२.१५ : पंचवीस सेंटिमीटर

आता चित्र. खऱ्या आकाराएवढं छापलेलं, म्हणजे सुमारे पंचवीस सेंटिमीटर. मुलं पट्टीने मोजून खात्री करतात. हस्तिदंतात कोरलेली, दागिन्यांनी मढलेली स्त्री, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. "कुठे सापडली असेल?" अजिंठा, वेरूळ, पैठण. कोणीतरी मोहेंजोदडो म्हणतं.

ती सापडली इटलीत. पाँपेई शहरात, १९३८ मध्ये. इसवी ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि अख्खं शहर राखेखाली गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोचलेली होती. हा डाव्या रकान्यातला पुरावा, आणि इतका पक्का पुरावा क्वचित मिळतो. आज ती नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयात आहे.

मग मी भोकरदनकडे येते. गावाच्या पांढरीवर १९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठाने मिळून खणलं. त्या उत्खननाचा देव आणि गुप्ते यांचा अहवाल पुढच्या वर्षी छापला गेला. सातवाहनांच्या काळातलं मोठं व्यापारी गाव निघालं. मणी, शंखाच्या वस्तू, हस्तिदंत. त्यात हस्तिदंताची एक भंगलेली मूर्तीही होती, पाँपेईच्या मूर्तीशी नातं सांगणारी. तशीच एक धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही मिळाली. गावाचं जुनं नाव भोगवर्धन. मध्य प्रदेशात भरहुत आणि सांचीच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, त्यांत भोगवर्धनचे लोक आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातून निघून, तिकडे दान देऊन, दगडावर नाव कोरून घेणारी माणसं. हे ऐकल्यावर भोकरदनला मामा असलेली मुलं एकदम मोठी होतात.

नकाशावर आम्ही दोरा लावतो. एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात पैठण हे भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आहे, असं लिहिलंय. पैठण आणि तेरचा माल गाड्यांतून बंदरावर यायचा. तिथून समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त आणि रोमन जग.

आणि इथेच एक मुलगा उठून म्हणतो, "म्हणजे ती बाई आपल्या भोकरदनची!"

व्हरांडा टाळ्या वाजवायला तयार असतो. सरही. फोटोला याहून चांगला क्षण मिळणार नाही. पण मी उजव्या रकान्याकडे बोट दाखवते. भोकरदनची मूर्ती तिच्यासारखी आहे, हे दिसतं. ती भोकरदनला घडली, हे वाटतं. आणि उलट्या बाजूचा पुरावाही आहे: पाँपेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे, आणि खरोष्ठी ही वायव्येकडची, गांधाराकडची लिपी. अभ्यासकांचं यावर आजही एकमत नाही. मूर्तीच्या डोक्यातून खाली भोक पाडलेलं आहे. ती आरशाची मूठ होती की छोट्या मेजाचा पाय, यावरही मतं दोन. मुलगा हिरमुसतो. त्याच्या गटातला दुसरा म्हणतो, "पण नाही म्हणून पण सिद्ध नाही झालेलं." बरोबर आहे. लिही.

आपल्या मातीचा मोठेपणा सांगायचा मोह मला रोज होतो, आणि ऐकणाऱ्यांनाही तेच हवं असतं. पण आज मी एक गोष्ट पुराव्याशिवाय दिली, तर उद्या कोणीही कोणतीही गोष्ट देईल आणि हीच मुलं टाळ्या वाजवतील.

दुपारी १.१५ : खिचडी

मोजणी. किती बसले, किती उठले, किती गाडीत चढले. सहलीच्या दिवशी मी यापलीकडे फार विचार करत नाही.

दुपारी २.०० : केळणेचा काठ

भोकरदनची लेणी केळणा नदीच्या काठी आहे, कातळात खोदलेली, वैष्णव. मूर्ती झिजलेल्या. मुलांना वाटलं होतं अजिंठ्यासारखं काहीतरी असेल, पहिला अभिप्राय "एवढंच?" असा येतो. मी तो कागदावर लिहायला लावते, कारण "लहान आहे" हेही निरीक्षणच. मग पंधरा मिनिटं बोलायचं नाही, गटाने एकच मूर्ती निवडायची आणि तिचं चित्र काढायचं. चित्र काढताना डोळा थांबतो. झिजलेल्या दगडात हात कुठे संपतो आणि पाणी मुरल्याचा डाग कुठे सुरू होतो, हे पेन्सिल टेकवल्याशिवाय कळत नाही.

नंतर काठावर बसून असईच्या लढाईची गोष्ट. हीच नदी पुढे असईला जाते. तिथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा एका बाजूला आणि आर्थर वेलस्लीची इंग्रज फौज दुसऱ्या बाजूला. मराठ्यांचा तळ भोकरदनच्या बाजूपासून असईपर्यंत पसरलेला. वेलस्लीला नदी ओलांडायची होती, आणि वाटाड्यांनी सांगितलं, उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिलं: दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं. त्याने मनाशी म्हटलं, गावं अशी वसली आहेत तर लोक ये-जा करतच असणार. म्हणजे उतार आहे. उतार होता.

मुलं हे रकान्यांत मांडून दाखवतात. दिसलं: दोन गावं. वाटलं: उतार. कशावरून: लोकांच्या वागण्यावरून. लढाई वेलस्लीने जिंकली, दोन्हीकडची असंख्य माणसं पडली, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. पण ही गोष्ट त्याने स्वतः सांगितलेली आहे, तीही पुष्कळ वर्षांनी, हेही मी सांगते. मका गटातली एक मुलगी विचारते, "त्या वाटाड्यांनी मुद्दाम नाही सांगितलं असंल तर?" इंग्रजांना आपल्या नदीचा उतार दाखवायचा नसेल तर? ते वाटाडे कोण होते, त्यांच्या मनात काय होतं, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. तिचा प्रश्न उजव्या रकान्यात जातो, प्रश्नचिन्हासह. सर तो स्वतःच्या वहीतही उतरवून घेतात.

दुपारी ३.३० : अन्वा

अन्व्याचं देऊळ बाराव्या शतकातलं, उंच जोत्यावर, कोरीव खांबांच्या मंडपाचं. संरक्षित स्मारक आहे, म्हणून नियम पुन्हा: हात लावायचा नाही, खडू नाही, टेकून उभं राहायचं नाही. चपला काढायच्याच, कारण ते देऊळही आहे.

बाहेरच्या भिंतीत विष्णूच्या शक्तिरूपांच्या मूर्ती आहेत. त्यांच्याकडे जाण्याआधी मी प्रत्येक गटाला चार पत्ते देते: शंख, चक्र, गदा, पद्म. एक मूल मूर्ती होतं, दुसरं मागे उभं राहून आपले दोन हात पुढे करतं. हात झाले चार. आता चार वस्तू चार हातांत किती वेगवेगळ्या प्रकारे धरता येतील? पहिल्या हाताला चार पर्याय, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन, शेवटच्याला उरेल ते. सातवीच्या मुलाचा गुणाकार जिंकतो: चोवीस.

"आजोबा चोवीस नावं घेतात!" हे कोणीतरी म्हणतंच. केशव, नारायण, माधव, गोविंद. हात तेच, वस्तू त्याच, क्रम बदलला की नाव बदलतं. उजव्या खालच्या हातापासून सुरू करून वर, पलीकडे आणि खाली असं वाचायचं. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर केशव. ग्रंथांमध्ये काही नावांबाबत फरक आहेत, पण मूर्ती वाचायची रीत हीच. गणित, देव्हारा आणि शिल्प एका ओळीत येतात, तेव्हा गणिताचे सर मोबाइल खिशात ठेवून मूर्तीसमोर येऊन उभे राहतात.

मग गट भिंतीकडे जातात. पुस्तकातल्यासारखं सोपं काहीच नसतं. एकीचा हात तुटलेला, एकीच्या हातातलं चक्र की पद्म कळत नाही इतकं झिजलेलं. कापूस गटात वाद. तीन वस्तू दिसतात, चौथी नाही. एक जण म्हणतो, तीन माहीत आहेत तर चौथी उरलेलीच असणार, लिहून टाक. दुसरी म्हणते, उरलेली आहे हे वाटतं, दिसत नाही. दोघांचंही बरोबर आहे. ती डावा रकाना रिकामा ठेवते, आणि उजवीकडे चौथीचं नाव लिहून पुढे "उरली म्हणून" असं कारण देते. अभ्यासकही तुटलेल्या मूर्तीच्या वर्णनात याहून वेगळं करत नाहीत.

संध्याकाळी ५.१५ : परत

मोजणी, दोनदा. गाडीत अंताक्षरी. एका मुलाला गाडी लागते, ती प्रत्येक सहलीत एकाला लागतेच. पिशवी पुढच्या सीटच्या खिशात तयार असते. शाळेच्या फाटकाशी पालक उभे. पेटीतल्या वस्तू यादीशी ताडून बंद करते. तकलीचा पेळू गायब आहे. तो दरवेळी जातो, म्हणून चार जादा आणते.

रात्री ८.३० : कागद

जेवण झाल्यावर कागद वाचायला बसते. चित्रं छान आहेत का, अक्षर कसं आहे, हे बघत नाही. "वाटलं" पुढे कारण लिहिलंय का आणि रकाना कुठे रिकामा सोडलाय का, एवढंच बघते. परीक्षेत रिकामी जागा सोडली की गुण जातात, हे मुलांच्या हाडात मुरलेलं आहे; म्हणून सकाळच्या कागदांत रिकामं काहीच नसतं. अन्व्याच्या कागदांत मात्र बऱ्याच जणांनी जागा सोडल्या आहेत. दिवसाची कमाई मी त्यावरून मोजते. भोकरदनची मूर्ती, हिजरी साल, चोवीस नावं यातलं बरंचसं ती पुढच्या वर्षापर्यंत विसरतील, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. माहिती पुन्हा मिळते. न दिसलेलं दिसलं म्हणून न लिहिणं, हे मात्र वयात आल्यावर शिकवायला गेलं की माणसं चिडतात.

सरांना निरोप पाठवते. सोमवारी प्रत्येक मुलाने घरातली एक जुनी वस्तू आणायची, मोठ्यांना विचारून, सोनं-चांदी नको. सोबत तीस शब्दांची पाटी: काय दिसतं, काय वाटतं, कशावरून, आणि ही माहिती कोणी दिली. वर्गाच्या मागच्या बाकांवर दहाच वस्तू मावतील. त्या कोणत्या, हे मुलांनी ठरवायचं. भांडण होणार, एकाचा कंदील दुसऱ्याच्या अडकित्त्यापेक्षा जुना ठरणार, आजीला साक्षीला बोलावलं जाणार. सरांना शेवटी एवढंच लिहिते: भांडण सोडवायला जाऊ नका, फक्त दोघांनाही कारण विचारा.